वस्तीतली पोरं (चित्रपटांतील चित्रण)

शहरातल्या गरीब, दाट आणि बदनाम वस्तीत वाढणारी, शाळा सुटलेली किंवा सुटायला टेकलेली, टोळी, नशा, पोलीस आणि घरची मारहाण यांत सापडलेली तेरा ते एकोणीस वर्षांची मुले हा जगभरच्या चित्रपटांचा जुना विषय आहे. अशा चित्रपटांना मराठीत वेगळे नाव नाही. इंग्रजीत ते शहराच्या ‘आतल्या’ भागावरून (‘इनर सिटी’) पडले, कारण अमेरिकेत दुसऱ्या महायुद्धानंतर ऐपतदार गोरी कुटुंबे उपनगरांत निघून गेली आणि मधले शहर गरिबांना, त्यातही कृष्णवर्णीयांना उरले. मराठवाड्यात हा नकाशा उलटा पडतो. छत्रपती संभाजीनगरात (पूर्वीचे औरंगाबाद) जुन्या तटबंदीच्या दरवाजांच्या आत गुलमंडी आहे, शहागंज आहे. तिथे गरिबी आहे तशी पिढीजात पेढीही आहे. गेल्या चार दशकांत गरिबांची नवी वस्ती पडली ती बाहेर: नाल्याच्या काठाला, रुळांच्या कडेला आणि वाळूजच्या कारखान्यांभोवती. म्हणून या नोंदीत ‘वस्ती’ हाच शब्द वापरला आहे. पोरंही तोच वापरतात. ‘आपल्या वस्तीतला आहे’ एवढे म्हटले की पुढची चौकशी थांबते.

एका पोराची चार नावे

पोलिसांच्या प्रेसनोटमध्ये हा मुलगा ‘विधिसंघर्षग्रस्त बालक’ असतो. कायदा अठरा वर्षांखालच्या कुणालाही आरोपी म्हणून नावानिशी छापू देत नाही, म्हणून बातमीत नावाच्या जागी हा सात-आठ अक्षरी शब्द येतो आणि वाचणाऱ्याला नेमके काय समजायचे ते समजते. २०१५चा बाल न्याय अधिनियम जानेवारी २०१६पासून लागू झाला. त्यानुसार सोळा ते अठरा वयाच्या मुलावर अघोरी गुन्ह्याचा आरोप असेल, तर बाल न्याय मंडळ आधी त्याची समज तपासते आणि मग खटला प्रौढासारखा चालवायचा का ते ठरते. पडद्यावर मात्र अजून ‘रिमांड होम’च चालते, तेही बहुधा १९८०च्या दशकातले.

तोच मुलगा आईच्या तोंडी ‘वाया गेलेलं’, सरांच्या तोंडी ‘टुकार’ आणि दोस्तांच्या तोंडी ‘भाई’ असतो. चित्रपट या चौघांपैकी कुणाच्या तोंडून बोलतो, त्यावर त्याचा पिंड ठरतो. पोलिसांच्या तोंडून बोलणारे सर्वांत जास्त निघाले आहेत. आईच्या तोंडून बोलणारे रडवतात. दोस्ताच्या तोंडून बोलणारे चालतात खूप, आणि त्यांच्यावरच सर्वाधिक आक्षेप येतात.

पन्नास पेसो, पाचशे रुपये

लुई बुन्युएल यांचा ‘लॉस ऑल्विदादोस’ (१९५०) मेक्सिको सिटीत घडतो. त्यात सुधारणागृहाचे प्रमुख पेद्रो नावाच्या मुलाच्या हाती ५० पेसो देतात आणि बाहेर जाऊन सिगारेटी आणायला सांगतात. दार उघडे असते. यायचे की पळायचे, ते त्याने ठरवायचे. पेद्रो पळणार नसतो. पण रस्त्यात त्याच्याहून थोराड असलेला, त्याच्याच टोळीतला जैबो भेटतो आणि पैसे हिसकावतो. शेवटी पेद्रोचे प्रेत कचऱ्याच्या उतारावर ढकलून दिले जाते.

अडतीस वर्षांनी आलेल्या मीरा नायर यांच्या ‘सलाम बॉम्बे!’मध्ये (१९८८) रक्कम ५०० रुपयांची आहे. कृष्णाने रागाच्या भरात भावाची मोटारसायकल पेटवलेली असते. भरपाई आणल्याशिवाय घराचे दार बंद. मुंबईत तो चहा पोचवून पैसे साठवतो. ते उडवतो चिलिम: त्याला रस्त्यावर जगायला शिकवणारा, जवळजवळ थोरल्या भावासारखा असलेला गर्दुल्ला. हे दोन चित्रपट शेजारी ठेवले की दिसते, मुलाचा परतीचा रस्ता बंद करणारा त्याचा आपलाच माणूस आहे, आणि त्या आपल्या माणसालाही दुसरी वाट नाही. बेताचा दिग्दर्शक इथे काळा चष्मा घातलेला खलनायक आणतो. ‘सलाम बॉम्बे!’च्या शेवटी कृष्णा गर्दीतून बाजूला येऊन एकटा बसतो आणि हातात भोवरा असतो. तेवढ्या वेळात तो किती लहान आहे हे पुन्हा आठवते. मधल्या दोन तासांत आपण ते विसरलेलो असतो.

पॅरिस, लॉस एंजेलिस, रिओ

फ्रान्स्वा त्रुफो यांचा ‘फोर हंड्रेड ब्लोज’ (१९५९) झोपडपट्टीतला नाही, पण शाळा आणि घर मिळून एका साध्या खोडकर मुलाला चोर कसे ठरवतात, हे नंतरच्या साऱ्यांना त्याने शिकवले. जॉन सिंगलटन यांच्या ‘बॉइज इन द हूड’ने (१९९१) लॉस एंजेलिसच्या दक्षिण भागातल्या कृष्णवर्णीय मुलांची कथा आतून सांगितली. दिग्दर्शनाच्या ऑस्करसाठी नामांकन मिळालेले ते पहिले कृष्णवर्णीय. वय तेव्हा २४. त्या चित्रपटात बाप आहे, आणि तो बोलतो, हे त्याचे वेगळेपण. आपल्याकडच्या वस्तीपटांत बाप एक तर दारू पितो किंवा भिंतीवरच्या फोटोत असतो.

मात्यू कासोवित्झ यांच्या ‘ला हेन’मध्ये (१९९५) पॅरिसबाहेरच्या इमारतींतली तीन पोरं एक अख्खा दिवस काहीच करत नाहीत. एका पोलिसाचे हरवलेले रिव्हॉल्व्हर त्यांच्यातल्या एकाच्या कमरेला असते, म्हणून आपण श्वास रोखून पाहतो; पण चित्रपट खरा आहे तो रिकाम्या वेळेचा. गच्चीवर बसणे, टोमणे मारणे, कुठे जायचे यावर वाद घालणे आणि गेले तरी कुठेच न पोचणे. या नोंदीच्या लेखकाच्या मते या सबंध परंपरेत हा वेळ इतका नीट कुणी टिपलेला नाही. याउलट रिओच्या वस्तीवरचा ‘सिटी ऑफ गॉड’ (२००२) इतका वेगवान आहे की थांबायला जागाच नाही. गरिबीला आणि बंदुकीला त्याने चकाकी दिली, अशी टीका ब्राझीलमध्येच झाली.

हिंदी-मराठीतली वाट

मुंबईच्या झोपडपट्टीतला मुलगा हिंदीत १९५०च्या दशकापासून आहे. जयवंत दळवी यांच्या कादंबरीवरचा ‘चक्र’ (१९८१) आणि नंतर ‘सलाम बॉम्बे!’ यांनी त्याच्या अंगावरची गाणी उतरवली. गिरणगाव बंद पडल्यावर चाळीतली मुले कुठे गेली, हा जयंत पवार यांच्या लेखनाचा विषय. त्यांच्या कथेवर आलेल्या ‘नाय वरन भात लोन्चा कोन नाय कोन्चा’वर (२०२२) ट्रेलरपासूनच गदारोळ झाला. आक्षेप मुलांच्या हिंसेपेक्षा त्यांच्या लैंगिक दृश्यांवर होता.

‘मुळशी पॅटर्न’ने (२०१८) जमीन विकलेल्या शेतकऱ्याचा मुलगा पुण्याच्या टोळीत कसा जातो ते दाखवले. बाप जिथे मालक होता तिथेच पहारेकरी होतो, ही त्यातली सर्वांत धारदार गोष्ट. बहुतेकांच्या लक्षात राहिले ते कोयते. ‘पॅटर्न’ हा शब्द मराठवाड्यात त्याआधी लातूरच्या गुणवत्ता यादीला चिकटलेला होता. आता खुनाच्या बातमीलाही चिकटतो.

नागराज मंजुळे यांच्या ‘झुंड’मध्ये (२०२२) नागपूरची झोपडपट्टी आणि तिथला फुटबॉल आहे. कॉलेज आणि वस्ती यांच्यामधली भिंत त्यात सतत दिसते. पण चित्रपट खरा रुततो तो मोनिकाच्या बापाच्या फेऱ्यांत: मुलीचा पासपोर्ट काढायचा तर ती कोण आहे याचा कागद हवा, आणि तो कागद कुणाकडेच नाही. इथे ५० पेसोंच्या जागी एक दाखला आहे.

मराठवाड्याची वस्ती कुठे आहे?

मराठवाड्यातला तरुण पडद्यावर बहुधा तीन दारांनी येतो. पहिले दुष्काळाचे: भेगाळलेले रान, कर्ज, आत्महत्या केलेला बाप. नांदेड जिल्ह्यातल्या हनुमंत केंद्रे यांच्या कामावरचा ‘पाणी’ (२०२४) याच दारातून येतो, पण रडत बसत नाही. दुसरे दार परगावचे. ‘सैराट’ची (२०१६) करमाळ्याकडची जोडी पळून हैदराबादला जाते, हे उमरगा-देगलूरकडच्या प्रेक्षकाला वेगळे समजावून सांगावे लागले नाही. १९४८पर्यंत मराठवाडा हैदराबाद संस्थानात होता, आणि अंगावर आले की हैदराबाद गाठायची ही सवय तेव्हापासूनची. तिसरे दार विनोदाचे. मकरंद अनासपुरे यांनी इकडची बोली पडद्यावर मानाने आणली, पण ती आली हसवायला. ‘काय करायलास?’ हे वाक्य चिडलेल्या, घाबरलेल्या पोराच्या तोंडी क्वचितच येते. पडद्यावर राग आला की पोरगा मुंबईचा टपोरी होतो नाहीतर पुण्याचा पैलवान.

म्हणजे शेत दिसते आणि महानगर दिसते. मधले शहर गाळले जाते. वाळूजला बजाजचा कारखाना १९८५मध्ये आला. त्यामागून बीड, जालना, परभणीकडची माणसे हेल्पर म्हणून, ठेकेदाराकडे, आली. रांजणगाव शेणपुंजीत पत्र्याच्या खोल्यांच्या रांगा उठल्या: एक खोली, एक मोरी, रांगेला मिळून संडास. कागदोपत्री ग्रामपंचायत, डोक्यांच्या मोजणीने शहर. तिथे वाढलेल्या मुलाला गाव फक्त जत्रेपुरते माहीत असते आणि शहर त्याला ‘वाळूजचा’ म्हणते. कॅमेऱ्यालाही बहुधा कळत नाही की याच्यामागे बैलगाडी ठेवायची की पूल.

लातूरचे दुखणे आणखी वेगळे. तिथला अस्वस्थ मुलगा चाकू घेऊन फिरत नाही. तो क्लासच्या भागातल्या होस्टेलच्या खोलीत बसलेला असतो, दुसऱ्यांदा किंवा तिसऱ्यांदा नीटला बसणार असतो, आणि घरी फोनवर ‘बरं चालू आहे’ म्हणतो. राजस्थानातल्या कोट्यावर लोकप्रिय मालिका झाली. तेवढी ओळख लातूरला पडद्यावर मिळालेली नाही. बीडकडे ऊसतोड कामगारांची मुले आहेत. आईबाप दिवाळीच्या सुमारास फडावर जातात आणि उन्हाळ्याच्या तोंडाला परततात; मधले पाच-सहा महिने पंधरा वर्षांचा पोरगा म्हाताऱ्या आजीचा कर्ता असतो. चित्रपटवाल्यांना यात ‘घटना’ दिसत नाही. बिघडणे मात्र याच महिन्यांत होते, आणि ते हळू होते: आधी सकाळची शाळा बुडते, मग आजीच्या औषधाचे पैसे कमी पडतात, मग कुणीतरी ‘बटन’ देतो. बटन म्हणजे नशेच्या गोळ्या. मेडिकलमध्ये चिठ्ठीशिवाय मिळू नयेत अशा. सिनेमातली नशा अजून चिलीम, सिगारेट आणि पांढऱ्या पावडरीपाशीच आहे.

संध्याकाळी एसटी स्टँडमागच्या कुठल्याही टपरीवर उभे राहावे. एका मोबाईलवर पाच डोकी. स्क्रीनवर कुणीतरी गाडीच्या टपावर केक कापतो, मागे एखाद्या चित्रपटाचा संवाद. पाचांतला एकजण तो संवाद ओठ हलवून बरोबर म्हणतो, मान किंचित तिरकी करून, अगदी नटासारखी. तेवढ्यात घरून फोन येतो. ‘हौ. हौ ना. दळण आणायलो,’ असे तो म्हणतो, आवाज एकदम बारीक. मान सरळ. सायकलच्या कॅरिअरला पिठाचा डबा अडकवलेला असतोच.

मुली

या चित्रपटांत मुलगी बहुतेक वेळा कुणाची तरी बहीण, प्रेयसी किंवा विकली गेलेली असते. ‘सलाम बॉम्बे!’तली मंजू आणि ‘झुंड’मधली मोनिका हे अपवाद. मराठवाड्यापुरते कारण पडद्याबाहेरही सापडते. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) बीड आणि परभणी जिल्ह्यांत २० ते २४ वयाच्या स्त्रियांपैकी ४० टक्क्यांहून अधिक जणींचे लग्न अठरा पूर्ण होण्याआधी झालेले आढळले. ज्या वयात मुलगा चित्रपटात ‘बिघडायला’ लागतो, त्या वयात ती फडावर कोयत्याची (ऊसतोडीत नवरा-बायको मिळून एक ‘कोयता’) अर्धी जोडी झालेली असते. हा कोयता पोस्टरवर येत नाही.

परिणामाचा वाद

चित्रपट पाहून पोरं बिघडतात, हे वाक्य पालकसभेत, पोलीस ठाण्यात आणि अग्रलेखात सारखेच ऐकू येते. तलवार किंवा कोयता हातात घेऊन व्हिडिओ टाकणाऱ्यांवर गुन्हे नोंदवले जातात, आणि त्या व्हिडिओंची ठेवण चित्रपटातूनच घेतलेली असते, हे नाकारण्यात अर्थ नाही. पण चित्रपट पोज देतो. कोपऱ्यावर उभे राहायला लागणारा मोकळा वेळ तो देत नाही. गंमत अशी की या विषयावरच्या चित्रपटांना अनेकदा ‘ए’ प्रमाणपत्र मिळते. ज्याची गोष्ट आहे त्याला थिएटरात प्रवेश नाही. तो ती मोबाईलवर तुकड्यातुकड्यांनी पाहतो, आणि तुकड्यांत शेवट बहुधा नसतो. बापाची पहारेकऱ्याची टोपी नसते. कोयता असतो.

नट

या परंपरेतले बरेच दिग्दर्शक वस्तीतल्याच मुलांना घेतात. ‘सिटी ऑफ गॉड’, ‘सलाम बॉम्बे!’, ‘झुंड’ तिन्हींत तसे आहे. त्याने चेहरे, चाल आणि शिव्या खऱ्या येतात. चित्रीकरण संपल्यावर या मुलांचे काय, हा प्रश्न प्रत्येक वेळी उरतो. ‘सलाम बॉम्बे!’मधून रस्त्यावरच्या मुलांसाठी सलाम बालक ट्रस्ट उभा राहिला आणि त्याचे काम आजही चालू आहे. कृष्णाची भूमिका करणाऱ्या मुलाला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. पुढे तो बेंगळुरूत रिक्षा चालवू लागला.