श्पिट्सबर्गेनची दोन 'नाणी': एक वटलेलं, एक कधीच न वटलेलं

ऑनलाइन लिलावात 'श्पिट्सबर्गेन' असा शोध घेतला की दोन प्रकारच्या चकत्या शेजारी शेजारी येतात. दोन्हींवर रशियन अक्षरं, दोन्हींवर त्या ध्रुवाजवळच्या बेटाचं नाव, आणि विकणारा दोन्हींना सरसकट 'खाण कामगारांचं चलन' म्हणतो. माझी पहिली खरेदी दुसऱ्या प्रकारातली निघाली. चकचकीत होती, सुंदर होती, पण जे हवं होतं ते नव्हतं. खाणवस्तीचं चलन जमवायचं असेल तर हा फरक आधी समजून घ्यायला हवा, म्हणून हे सविस्तर.

पहिला प्रकार 1946चा. 'आर्क्तिकुगोल' ही सोव्हिएत सरकारची कोळसा कंपनी 1931मध्ये स्थापन झाली. बॅरेन्ट्सबर्ग, ग्रुमंट आणि पिरामिडेन या तिच्या वस्त्या. हे बेट सोव्हिएत भूमी नव्हे. 1920च्या करारानुसार इथलं सार्वभौमत्व नॉर्वेचं, पण करारातल्या देशांच्या नागरिकांना इथे खाणकाम करायला समान मुभा. रूबल देशाबाहेर न्यायला सोव्हिएत कायद्याने बंदी होती. खाण कामगार तर परदेशी भूमीवर राहत होता आणि त्याला दुकानातून तंबाखू, साबण घ्यायचाच होता. ही अडचण कंपनीने स्वतःचे बिल्ले, म्हणजे पैशांच्या जागी चालणाऱ्या चकत्या, काढून सोडवली. त्यांच्यावर राज्यचिन्ह का नाही, याचंही उत्तर मला यातच दिसतं: दुसऱ्याच्या सार्वभौम भूमीवर आपलं राजचलन फिरवतोय असं दिसायला नको.

1946 हे वर्षही सहज आलेलं नाही. 1941मध्ये ब्रिटिश-कॅनेडियन तुकडीने इथल्या सुमारे 2,000 सोव्हिएत लोकांना अर्खांगेल्स्कला हलवलं आणि कोळशाचे साठे पेटवून दिले. सप्टेंबर 1943मध्ये जर्मन युद्धनौका टिरपिट्झ आणि शार्नहोर्स्ट यांनी तोफांचा मारा करून उरलंसुरलंही उद्ध्वस्त केलं. म्हणजे हे बिल्ले पाडले गेले तेव्हा वस्ती राखेतून उभी करायची होती. मला त्या साध्या चकत्यांची ओढ वाटते ती यामुळेच.

किमती चार: 10, 15, 20 आणि 50 कोपेक (कोपेक म्हणजे रूबलचा शंभरावा भाग). मधोमध पंचकोनी तारा, 'ओस्त्रोव श्पिट्सबर्गेन' म्हणजे श्पिट्सबर्गेन बेट हे शब्द, कंपनीचं नाव आणि साल. इथे नवख्याची आणखी एक गफलत होते. तो यांना त्याच वर्षीची साधी सोव्हिएत नाणी समजतो. ओळखायच्या खुणा सोप्या आहेत. साध्या नाण्यावर गव्हाच्या लोंब्यांनी वेढलेलं राज्यचिन्ह असतं, इथे नाही. साधी 10 आणि 15 कोपेकची नाणी पांढरट, तांबे-निकेलची; आर्क्तिकुगोलच्या या दोन किमती पिवळ्या, ॲल्युमिनियम-ब्रॉंझच्या. आणि 50 कोपेक? 1946मध्ये देशाच्या चलनात 50 कोपेकचं नाणंच नव्हतं. 1920च्या दशकात चांदीचं होतं, त्यानंतर ते 1961च्या मालिकेतच आलं. त्यामुळे 1946 सालाचा 50 कोपेक हाती आला तर तो या बेटाचाच असणार, किंवा मग नक्कल. सोबत चुंबक ठेवा. खरे चारही बिल्ले चुंबकाला चिकटत नाहीत.

दुसरा प्रकार एकविसाव्या शतकातला, 2001पासूनचा. यांच्यावरही श्पिट्सबर्गेन, आणि 10च्या आकड्यासोबत 'राझ्मेन्नी झ्नाक', म्हणजे सुट्ट्या पैशांच्या जागी चालणारा बिल्ला, असे शब्द. पण विषय बघा: न्यूयॉर्कच्या मनोऱ्यांवरचा हल्ला, मॉस्कोच्या नाट्यगृहातलं ओलीसनाट्य, रशियातल्याच बेसलानच्या शाळेवरचा हल्ला. बेटाच्या कोळशाशी यातल्या कशाचाच संबंध नाही. या चकत्या संग्राहकांसाठीच काढलेल्या. यांच्या बदल्यात कोणी दुकानदाराने कधी पाव दिला नाही. स्मृतिपदक म्हणून घ्यायला माझा विरोध नाही; खाणीच्या चलनाच्या भावात मात्र घेऊ नका.

या दोघांच्या मधे 1993चा संच येतो: 10, 20, 50 आणि 100 रूबल. तो कंपनीच्याच नावाचा. कोपेक गेले आणि थेट 100 रूबलचा बिल्ला आला, याचं कारण महागाई. 1992मध्ये रशियात भाव साधारण पंचवीस पटींनी वाढले होते, कोपेकमध्ये काहीच मिळत नव्हतं. मी हा संच 1946च्या कप्प्यात ठेवत नाही, पण स्मृतिपदकांच्या कप्प्यातही नाही. अल्बममध्ये त्याला वेगळं पान दिलंय. आर्क्तिकुगोलने कागदी बिल्लेही काढले. त्यांची गोष्ट लांबेल, म्हणून इथे नुसता उल्लेख.

एक खुलासा मात्र हवाच. त्याच बेटावरच्या लाँगिअरब्येन इथे नॉर्वेच्या 'स्टोरे नॉर्स्के' या कोळसा कंपनीच्या क्रोनमधल्या नोटा साधारण 1980पर्यंत चालत होत्या. तिथला कामगारही कंपनीच्याच कागदावर खरेदी करायचा. म्हणजे 'कंपनीचं चलन' ही काही साम्यवादी खोड नव्हती. वर्षातले कित्येक महिने बर्फाने वेढलेल्या जागेची ती गरज होती. आसामच्या चहामळ्यांतली टोकन ज्यांनी पाहिली आहेत त्यांना हे लगेच पटेल.

घेताना मी आता झीज बघतो. 1946चा बिल्ला नव्यासारखा लखलखीत दिसला की आधी संशय येतो. ताऱ्याची टोकं बोथट झालेली, कडेची अक्षरं पुसट झालेली असली की बरं वाटतं. एक गोष्ट मात्र कितीही निरखून कळत नाही. बिल्ल्यावर बेटाचं नाव आहे, वस्तीचं नाही. माझ्याकडचा 20 कोपेकचा बिल्ला बॅरेन्ट्सबर्गच्या दुकानात खर्च झाला, 1998मध्ये शेवटचा कोळसा निघालेल्या पिरामिडेनमध्ये, की 1960च्या दशकातच ओस पडलेल्या ग्रुमंटमध्ये, हे त्या चकतीवर कुठेच लिहिलेलं नाही.