कौल (देवाचा)

कौल : काम हाती घ्यावे की नाही, असा प्रश्न देवापुढे ठेवून मिळालेली खूण त्याची आज्ञा मानण्याची प्रथा, त्या खुणेलाही कौलच म्हणतात. सोयरीक, विहिरीची जागा, जमिनीचा व्यवहार हे नेहमीचे प्रश्न. कोकणातील, गुरवामार्फत लावला जाणारा कौल अधिक परिचित आहे. प्रस्तुत नोंद मराठवाड्यापुरती आहे.

शब्द अरबी ‘क़ौल’ (बोल, वचन) यावरून फारसीमार्गे आला, हे मत ग्राह्य वाटते. देवी-उपासनेशी असलेल्या संबंधामुळे शाक्तांच्या संस्कृत ‘कौल’ (कुलाचारी) या संज्ञेशी तो जोडण्याचा मोह होतो. परंतु त्या संज्ञेत प्रश्नोत्तराचा अर्थ कोठेच नाही, उलट दख्खनच्या दफ्तरांत कौल म्हणजे सरकारने दिलेले अभयवचन. दुष्काळाने वा स्वारीने परागंदा झालेल्या रयतेला ‘कौलनामा’ देऊन, सारा हलका करून, पुन्हा गावी वसवीत. दरबाराच्या वचनाचा शब्द देवाच्या वचनाला लागला, असा हा प्रवास दिसतो. तो नेमका केव्हा झाला हे ठरविणे कठीण. बहमनी अंमलानंतरचा, एवढे म्हणणे सुरक्षित. छपराचे कौल नपुंसकलिंगी आहे, हा पुल्लिंगी. दोहोंची गल्लत करू नये. निवडणुकीतील ‘मतदारांचा कौल’ मात्र याच घरातला.

तुळजापूरचा (जि. धाराशिव) चिंतामणी हे या प्रथेचे प्रदेशातील सर्वांत प्रसिद्ध स्थान. तुळजाभवानी मंदिराच्या प्रदक्षिणामार्गावर असलेला हा गोल दगड ‘शकुनवंती’ या नावानेही ओळखला जातो. भक्त त्यावर दोन्ही हात टेकवून मनातल्या मनात प्रश्न विचारतो. दगड उजवीकडे वळला तर होकार, डावीकडे वळला तर नकार, जागचा हलला नाही तर कामाला अवकाश आहे असे समजतात. मध्यस्थ लागत नाही आणि प्रश्न मोठ्याने उच्चारावा लागत नाही, हे येथले वैशिष्ट्य. हातांचा नकळत पडणारा दाब दगड फिरवितो, असे स्पष्टीकरण देता येते. भाविकांना ते अडचणीचे वाटत नाही. स्वारीवर निघण्यापूर्वी छत्रपती शिवाजी महाराज येथे कौल घेत, अशी आख्यायिका आहे. महाराजांची भवानीवरील भक्ती सर्वश्रुत असली, तरी दगडाविषयीची ही गोष्ट सांगीव परंपरेतील म्हणूनच घ्यावी.

न विचारता मिळणारी आज्ञा म्हणजे दृष्टांत. पैठणच्या एकनाथांच्या (सु. १५३३–१५९९) चरित्रात असे दोन प्रसंग येतात. लहानपणी शिवालयात आकाशवाणी ऐकून ते देवगडास (दौलताबाद) जनार्दनस्वामींकडे गेले, हा पहिला; तो चरित्रकारांनी सांगितलेला. दुसरा त्यांच्याच नावावरील अभंगात आहे : ज्ञानदेवांनी स्वप्नात येऊन, अजानवृक्षाची मुळी कंठाला लागली आहे, आळंदीस येऊन ती काढ, असे सांगितले. ज्ञानेश्वरीच्या शुद्ध प्रतीचे काम शके १५०६ मध्ये (१५८४) पूर्ण झाले. परंपरा ते या स्वप्नाशी जोडते. महानुभावांच्या ‘दृष्टांतपाठा’तील दृष्टांत याहून निराळा, तेथे शब्दाचा अर्थ बोधकथा. देवता आणि परमेश्वर यांत महानुभाव तत्त्वज्ञान मूलतः भेद करते, त्यामुळे देवतेला विचारून चालण्याची ही रीत त्यांच्या आचारात बसत नाही.

अंगात आलेल्या देवीला विचारण्याची चाल आराधी (देवीचे उपासक) मंडळींत आढळते. भीती घालून वा धमकावून या चालीचा गैरफायदा घेणे २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याच्या कक्षेत येते.

नांदेडच्या सचखंड हुजूर साहिब या शीख गुरुद्वारात गुरू ग्रंथसाहिब सहज उघडून येईल ते वचन ‘हुकमनामा’ म्हणून वाचतात. गुरू गोविंदसिंगांनी १७०८ मध्ये ग्रंथालाच गुरुपद दिले, ते याच गावी. मुसलमानांतील इस्तिखारा म्हणजे दोन रकात (नमाजाची आवर्तने) नफल (ऐच्छिक) नमाजानंतर मार्गदर्शनासाठी केलेली दुआ. त्यानंतर स्वप्न पडलेच पाहिजे असे नाही, पण सर्वसामान्यांत तशी समजूत आहे.