कर्जफेडीचा बाँड आणि चुकलेली तारीख : अमेरिकी लष्करातील सेवाबंधन दुरुस्तीची पार्श्वभूमी

अमेरिकी लष्करातल्या प्रत्येक अधिकाऱ्याच्या सेवानोंदीत एक तारीख असते, आणि ती उलटेपर्यंत त्याला राजीनामा देता येत नाही. हवाई दलात तिला 'एडीएससी' म्हणतात, भूदलात 'एडीएसओ'. मराठीत आपण सरळ 'बाँड' म्हणू. सरकारने अधिकाऱ्याचे शैक्षणिक कर्ज फेडले की ही तारीख पुढे सरकते. ती किती सरकली आणि कुठल्या दिवसापासून मोजली, यात चुका होतात. एका चुकीच्या नोंदीमुळे डॉक्टरला एक-दोन वर्षे जादा गणवेशात काढावी लागू शकतात. शिवाय ही चूक बहुधा उशिरा लक्षात येते, म्हणजे बाहेरची नोकरी किंवा रेसिडेन्सी (डॉक्टरांचे पदवीनंतरचे प्रशिक्षण) ठरल्यावर.

पुण्याच्या आर्म्ड फोर्सेस मेडिकल कॉलेजमुळे 'आधी सरकारी खर्चाने शिक्षण, मग सेवा' ही पद्धत मराठी घरांना ठाऊक आहे. अमेरिकेत तीही आहे, पण इथला विषय उलट क्रमाचा आहे. विद्यार्थी स्वतः कर्ज काढून शिकतो, नंतर कमिशन घेतो आणि सरकार मागाहून कर्ज फेडते. शिक्षण तर होऊन गेलेले असते, त्यामुळे बाँड शिक्षणाच्या वर्षांवर मोजायचा नसून दिलेल्या पैशावर मोजायचा असतो. बहुतेक घोटाळे इथे सुरू होतात.

ही पद्धत आली कशी? 1950 साली कोरियन युद्धाच्या वेळी अमेरिकेने डॉक्टरांसाठी सक्तीच्या भरतीचा वेगळा कायदा केला. 1954 पासून 'बेरी प्लॅन'खाली तरुण डॉक्टरांना आधी विशेष प्रशिक्षण पुरे करून मग सेवेत येता येऊ लागले. सक्ती होती तोवर लष्कराला डॉक्टरांची चणचण फारशी जाणवली नाही. 1973 मध्ये सक्तीची भरती संपली. तसे होणार हे दिसत असल्याने काँग्रेसने 1972 मध्येच दोन सोयी केल्या होत्या: वैद्यकीय शिष्यवृत्ती, जिच्या प्रत्येक वर्षामागे साधारण एक वर्ष सेवा द्यावी लागते, आणि लष्कराचे स्वतःचे वैद्यकीय विद्यापीठ, जिथल्या पदवीधर डॉक्टरला सात वर्षे द्यावी लागतात.

कर्जफेडीची वाट सैनिकांसाठी आधी खुली झाली. 1980 च्या कायद्याने ती प्रायोगिक स्वरूपात आणली आणि 1985 मध्ये टायटल 10 (अमेरिकी कायद्यांतला लष्करविषयक भाग) च्या कलम 2171 ने कायम केली. सक्रिय सेवेच्या दर वर्षामागे कर्जाचा एक तृतीयांश भाग किंवा 1,500 डॉलर, यातली मोठी रक्कम सरकार फेडणार. राखीव दलासाठी हेच प्रमाण तेव्हा 15 टक्के किंवा 500 डॉलर होते. सैनिकाच्या बाबतीत हिशेब सोपा असतो: वर्ष पुरे झाले की त्या वर्षाचा हप्ता. सेवा आधी आणि पैसा नंतर, त्यामुळे वादाला फारशी जागा उरत नाही.

आरोग्यसेवेतल्या अधिकाऱ्यांसाठी 1997 च्या संरक्षण कायद्याने कलम 2173 आणले आणि क्रम बदलला. इथे करार होतो, पैसा जातो आणि त्यातून पुढची सेवा देण्याचे बंधन तयार होते. सुरुवातीला वर्षाची कमाल मर्यादा 22,000 डॉलर होती; पुढे ती 60,000 वर नेली. भरतीच्या माहितीपत्रकांत मात्र बरीच वर्षे 'वर्षाला 40,000 डॉलरपर्यंत' हा आकडा दिसत आला. म्हणजे कायद्याची मर्यादा एक आणि त्या वर्षीच्या कराराची मर्यादा दुसरी. तक्रार लिहिताना या दोन्हींची गल्लत हमखास होते. वाचायचा तो करार.

कायदा बंधनाची किमान मुदतही सांगतो: दर कमाल वार्षिक रकमेमागे, 'किंवा तिच्या कोणत्याही भागामागे', एक वर्षापेक्षा कमी नाही. या शेवटच्या शब्दांकडे नीट पाहायला हवे. समजा एका दंतवैद्याने दोन वर्षांचा करार केला. पहिल्या वर्षी 40,000 डॉलर फेडले गेले आणि दुसऱ्या वर्षी फेडायला फक्त 12,000 उरले होते. त्याला वाटते, उरलेला बाँड सुमारे साडेतीन महिन्यांचा. तसे नाही. 12,000 हाही 'भाग' आहे, म्हणून पुरे वर्ष लागते. ही नोंद बरोबर आहे आणि लष्करी नोंद दुरुस्ती मंडळाकडे (त्याबद्दल पुढे) जाऊन ती बदलत नाही. पण दुसऱ्या वर्षी एकही डॉलर गेला नसेल आणि नोंदीत दोन वर्षे असतील, तर ती चूक आहे आणि ती दुरुस्त होऊ शकते. वैद्यकीय कर्जफेडीच्या तक्रारींत हा प्रकार सर्वांत भक्कम, कारण पैसा गेला की नाही हे कागदावर दाखवता येते.

पैसा गेला की नाही हे पाहतानाही एक फसगत होते. ही कर्जफेड करपात्र उत्पन्न धरली जाते आणि केंद्रीय कर आधीच कापला जातो. 2018 पासून त्याचा दर 22 टक्के आहे. 40,000 मधून 8,800 कापले गेले की कर्जदात्याकडे 31,200 पोचतात. अधिकारी कर्जखात्याचा उतारा पाहून 'करारापेक्षा कमी दिले' असे लिहितो आणि अर्ज तिथेच कमकुवत होतो. सरकारने पूर्ण 40,000 दिले आहेत. डब्ल्यू-2 या वार्षिक कर-पत्रकावर ते दिसतात. उतारा आणि डब्ल्यू-2 शेजारी ठेवल्याशिवाय रकमेबद्दल एक वाक्यही लिहू नये.

वेळेचा घोटाळा याहून किचकट. मंजुरी एका आर्थिक वर्षात मिळते आणि रक्कम दुसऱ्या वर्षात जाते. अमेरिकी सरकारचे आर्थिक वर्ष 1 ऑक्टोबरला सुरू होते, त्यामुळे सप्टेंबरच्या करारांत हे नेहमीचे. मधल्या काळात व्याज वाढते, अधिकारी हप्ते थांबवतो, कर्ज थकबाकीत जाते, आणि थकीत कर्ज अपात्र ठरू शकते. कुणी खासगी बँकेकडे पुनर्वित्त करतो आणि सरकारचा पैसा बंद खात्याकडे जाऊन परततो. वार्षिक अर्ज डीडी फॉर्म 2475 वर असतो आणि कर्जदात्याला त्यावर पडताळणी करून द्यावी लागते. तो कागद अडला की सगळेच अडते. इकडे मनुष्यबळ कार्यालयाने बाँडची तारीख मात्र कराराच्या दिवशीच संगणकात घातलेली असते. पैसा एका कार्यालयातून जातो, तारीख दुसऱ्यात नोंदली जाते, आणि दोघांचा ताळा घालण्याचे काम कुणाकडेच नेमून दिलेले नसते. माझ्या मते मुळातला दोष हा आहे; भरती अधिकाऱ्याच्या चुकीच्या शब्दांना त्यामानाने जास्त दोष दिला जातो.

चुकीचे शब्दही असतात. सगळ्यात जास्त ऐकू येणारे वाक्य: 'कर्जफेडीचा बाँड शिष्यवृत्तीच्या बाँडबरोबरच संपेल.' बंधने दोन प्रकारे मोजली जातात, एकाच वेळी किंवा एकापाठोपाठ. चार वर्षांचा जुना बाँड असताना दोन वर्षांची कर्जफेड घेतली, तर पहिल्या पद्धतीने चार वर्षे होतात आणि दुसऱ्या पद्धतीने सहा. कोणती पद्धत लागू, हे त्या त्या कार्यक्रमाचा नियम आणि सही केलेला करार ठरवतो. वकील-अधिकाऱ्यांसाठी कलम 2171 खाली तीन वर्षांत 65,000 डॉलरपर्यंत फेडणारा कार्यक्रम आहे. त्याची मुदत पहिल्या चार वर्षांच्या बंधनात सामावू शकते. डॉक्टरांचा कार्यक्रम तसा चालतो असे गृहीत धरल्याने कित्येकांचे गणित चुकते. हवाई दलात बाँडची कबुली एएफ फॉर्म 63 वर घेतली जाते. त्यावर तारीख लिहिलेली आणि सही असेल, तर तोंडी आश्वासनाला फार वजन उरत नाही. फॉर्म 63 नसेलच, किंवा त्यावरची तारीख संगणकातल्या तारखेपेक्षा वेगळी असेल, तर अर्जदाराची बाजू एकदम बळकट होते.

ही चूक दुरुस्त कोण करते? मनुष्यबळ कार्यालय स्वतःच करू शकते, आणि साधी टंकनचूक तिथेच सुटली पाहिजे. आधी तिथे लेखी विचारणा करून लेखी नकार घेणे ही अट म्हणूनही आवश्यक आहे. त्यापुढचे दार म्हणजे लष्करी नोंद दुरुस्ती मंडळ.

या मंडळांचा उगम फार वेगळ्या अडचणीतून झाला. यादवी युद्धानंतर एखाद्या सैनिकाच्या नावावरचा पळपुटेपणाचा शिक्का पुसायचा तर काँग्रेसला त्या एका माणसासाठी खासगी विधेयक मंजूर करावे लागे. दुसऱ्या महायुद्धानंतर हा भार पेलवेना. 1946 च्या विधिमंडळ पुनर्रचना कायद्याने अशी विधेयके बंद केली आणि हा अधिकार संबंधित सेनाखात्याच्या मंत्र्याला दिला, मात्र तो मुलकी सदस्यांच्या मंडळामार्फत वापरायचा अशी अट घातली. 1951 मध्ये दुरुस्तीतून निघणारी रक्कम देण्याचीही मुभा मिळाली. आज हे सगळे टायटल 10 च्या कलम 1552 मध्ये आहे. निकष दोन: चूक किंवा अन्याय. कायद्याने सरकार आपल्या कर्मचाऱ्याच्या चुकीच्या सल्ल्याला बांधील नसते, आणि न्यायालयात हा मुद्दा सहसा टिकत नाही. मंडळापुढे मात्र 'अन्याय' या शब्दात त्याला जागा आहे. म्हणूनच बाँडच्या तक्रारी आधी मंडळाकडे जातात.

अर्ज डीडी फॉर्म 149 वर. 'माझ्यावर अन्याय झाला, न्याय मिळावा' असे लिहिलेले अर्ज मंडळाला हाताळता येत नाहीत. मागणी अशी हवी: 'कर्जफेडीमुळे नोंदवलेली 30 जून 2027 ही तारीख बदलून 30 जून 2026 करावी, कारण दुसऱ्या वर्षाची रक्कम दिली गेली नाही.' सोबत करार, फॉर्म 63, नियुक्तीचे आदेश, 2475 च्या प्रती, डब्ल्यू-2, कर्जखात्याचा पूर्ण इतिहास, आणि सल्ला देणाऱ्याचे त्या वेळचे ईमेल. नंतर आठवून लिहिलेल्या निवेदनापेक्षा त्या वेळचा दोन ओळींचा ईमेल जास्त उपयोगी पडतो. नोंद बरोबर आहे असे गृहीत धरूनच मंडळ सुरुवात करते. ती चूक असल्याचे दाखवण्याचे ओझे अर्जदारावर असते.

मुदत चूक कळल्यापासून तीन वर्षे, आणि न्यायाच्या दृष्टीने गरज वाटल्यास मंडळ उशीर माफ करते. सेवेत असलेल्यांना आणखी एक आधार आहे. 1994 मध्ये डेटवायलर विरुद्ध पेन्या या खटल्यात डी.सी. सर्किटच्या अपील न्यायालयाने सक्रिय सेवेचा काळ या तीन वर्षांत मोजायचा नाही असे ठरवले. तरी थांबू नये. कायद्याने 90 टक्के अर्ज दहा महिन्यांत निकाली काढायचे आणि कुठलाही अर्ज 18 महिन्यांपेक्षा जास्त ठेवायचा नाही, असे बंधन मंडळांवर आहे. म्हणजे बाँड संपायला वर्ष उरले असताना दिलेल्या अर्जाचा निकाल तारीख उलटल्यावरही येऊ शकतो, आणि गेलेला काळ मंडळ परत देऊ शकत नाही.

अर्जानंतर मंडळ संबंधित शाखेचे सल्लागार मत मागवते. त्याची प्रत अर्जदाराला मिळालीच पाहिजे, असा कायदा आहे. उत्तरासाठी साधारण 30 दिवस मिळतात. मत प्रतिकूल असले की अनेक जण खचून गप्प बसतात, आणि मंडळ ते मत तसेच उचलते. हे मत बहुधा संगणकातली नोंद पाहून लिहिलेले असते, आणि वाद तर त्याच नोंदीचा असतो. त्यामुळे उत्तर द्यायलाच हवे: मताच्या कोणत्या परिच्छेदाला कोणता कागद खोडून काढतो, एवढेच, क्रमाने.

मंजुरी मिळाली तर आदेशाची भाषा विशेष असते. 'अधिकाऱ्याची चूक नव्हती' असे मंडळ लिहीत नाही. ते नोंद नव्याने लिहायला सांगते: अमुक दिवशी त्याने एकाच वर्षाच्या कर्जफेडीचा करार केला, असे दाखवावे. त्या क्षणापासून सरकारी दृष्टीने तेच घडलेले असते. मात्र मंडळ कायद्याने घातलेली मर्यादा ओलांडू शकत नाही. 'किंवा भागामागे' ही अट ते वगळू शकत नाही, आणि अपात्र कर्जाला पात्र ठरवू शकत नाही. नकार आला तर नवा पुरावा घेऊन फेरविचार मागता येतो, त्यापुढे संघराज्य न्यायालय. पण तिथे मंडळाच्या निर्णयाला बराच मान दिला जातो.

जुन्या नोंदीवर इतर हिशेबही बेतलेले असतात. 9/11 नंतरच्या जीआय बिलात (सैनिकांना शिक्षणखर्च देणाऱ्या कायद्यात), कर्जफेडीसाठी मोजलेला सेवाकाळ शिक्षणलाभासाठी धरला जात नाही. कर्जफेडीचे एक वर्ष नोंदीतून निघाले तर ते जीआय बिलाच्या पूर्ण लाभासाठी लागणाऱ्या 36 महिन्यांच्या सेवेत मोजले जाऊ शकते. पण हे आपोआप होत नाही. माजी सैनिक खात्याकडे दुरुस्त नोंद घेऊन वेगळी मागणी करावी लागते. तसेच मंडळाचा आदेश हाती आला म्हणजे संगणकातली तारीख बदलली असे नाही. महिन्याभराने नोंदीची नवी प्रत काढून तारीख डोळ्यांनी पाहावी, आणि ती बदललेली दिसल्यावरच राजीनाम्याचा अर्ज टाकावा.