गुआम: नौदलाच्या गव्हर्नरपासून मतपेटीपर्यंत

पॅसिफिक महासागरातल्या गुआम बेटावर दर चार वर्षांनी गव्हर्नरची आणि दर दोन वर्षांनी अमेरिकी प्रतिनिधीगृहात जाणाऱ्या प्रतिनिधीची निवडणूक होते. बेट जेमतेम 540 चौरस किलोमीटरचे, 2020 च्या जनगणनेत लोकसंख्या 1,53,836. एवढ्याशा जागेत दोन्ही निवडणुका अटीतटीच्या होतात. मात्र गव्हर्नरसाठी इथले लोक पहिल्यांदा मत देऊ शकले ते 1970 मध्ये आणि प्रतिनिधीसाठी 1972 मध्ये. अमेरिकेची सत्ता तर इथे 1898 पासून आहे.

त्या वर्षी जूनमध्ये अमेरिकेची 'चार्ल्स्टन' ही युद्धनौका बंदरात शिरली, तेव्हा आपल्या देशाचे अमेरिकेशी युद्ध सुरू झाल्याची खबरही बेटावरच्या स्पॅनिश अधिकाऱ्यांना नव्हती. पॅरिसच्या तहाने गुआम अमेरिकेला मिळाले आणि वॉशिंग्टनने ते नौदलाच्या हवाली केले. वॉशिंग्टनहून नेमलेला नौदल अधिकारी हाच गव्हर्नर. तोच कायदे करी आणि तोच ते राबवी. मूळ चामोरो रहिवाशांना नागरिकत्व नव्हते. 1901 पासूनच्या निकालांत अमेरिकी सर्वोच्च न्यायालयाने असे प्रदेश देशाच्या मालकीचे, पण देशाचा पूर्ण भाग नसलेले ठरवले. गुआमच्या राजकारणावर त्या निकालांची सावली आजही आहे.

'गुआम काँग्रेस' नावाचे सभागृह 1917 पासून होते, पण त्याचे काम सल्ला देण्यापुरते. 1936 मध्ये स्थानिक नेते बी. जे. बोर्दायो आणि एफ. बी. लिऑन गुरेरो नागरिकत्वाची मागणी घेऊन वॉशिंग्टनला गेले, अध्यक्ष रूझवेल्ट यांनाही भेटले. नौदलाच्या विरोधामुळे ते विधेयक बारगळले. मग डिसेंबर 1941 मध्ये जपानने बेट घेतले, आणि अमेरिकी फौजा परतल्या त्या जुलै 1944 मध्ये. जपानी अंमलात चामोरोंनी सक्तीची मजुरी, छळछावण्या आणि कत्तली सोसल्या. एवढे सोसूनही युद्धानंतर पुन्हा नौदलाचेच राज्य आले.

खरी ठिणगी पडली 1949 मध्ये, आणि तीही धंद्याच्या परवान्यांवरून. स्थानिक माणसाचे नाव पुढे करून बाहेरचे अमेरिकन बेटावर धंदा करतात, अशी तक्रार होती. गुआम काँग्रेसच्या असेंब्लीने, म्हणजे कनिष्ठ सभागृहाने, चौकशी लावली. साक्षीला बोलावलेल्या नौदलाच्या एका मुलकी कर्मचाऱ्याने उत्तरे द्यायला नकार दिला, तेव्हा असेंब्लीने अवमानाबद्दल त्याच्यावर वॉरंट काढले. गव्हर्नर पाउनॉल यांनी तो अधिकार तुम्हाला नाही म्हणत ते अडवले. 5 मार्च 1949 रोजी असेंब्लीने कामकाज तहकूब केले आणि सदस्य उठून निघून गेले. कार्लोस तायतानो या सदस्याने आधीच अमेरिकी वार्ताहरांशी बोलणे करून ठेवले होते, त्यामुळे ही बातमी थेट मुख्य भूमीवरच्या वृत्तपत्रांत झळकली. पाउनॉल यांनी सभात्याग करणाऱ्यांना बडतर्फ केले, पण तोवर वॉशिंग्टनची अडचण झाली होती. त्याच वर्षी कार्लटन स्किनर हे पहिले मुलकी गव्हर्नर नेमले गेले. 1 ऑगस्ट 1950 रोजी राष्ट्राध्यक्ष ट्रुमन यांनी 'ऑर्गॅनिक अ‍ॅक्ट'वर सही केली. नागरिकत्व आणि कायदे करणारे विधिमंडळ मिळाले. पुढच्या सगळ्या निवडणुकांचा पाया मला त्या सभात्यागात दिसतो.

तरीही गव्हर्नर राष्ट्राध्यक्षच नेमत. 1968 च्या कायद्याने ते पद लोकांच्या हाती दिले. 1970 च्या पहिल्या निवडणुकीत रिपब्लिकन कार्लोस कामाचो जिंकले; शेवटचे नियुक्त आणि पहिले निर्वाचित गव्हर्नर तेच. तिकडे अँटोनियो वोन पॅट 1965 पासून गुआमचे निवडून आलेले प्रतिनिधी म्हणून वॉशिंग्टनमध्ये होते, पण त्यांना सभागृहात जागा नव्हती. ती 1972 च्या कायद्याने दिली. या प्रतिनिधीला समितीत मत आहे, भाषण करता येते, विधेयक मांडता येते. विधेयक मंजूर करण्याच्या अंतिम मतदानात मात्र मत नाही. आपल्याकडे अंदमान-निकोबारचा एकुलता एक खासदार लोकसभेत इतरांच्या बरोबरीने मत देतो, हे आठवले की फरक नीट कळतो.

गव्हर्नरपदासाठी लागणारे बहुमत कशाला म्हणायचे, हा प्रश्न 1998 मध्ये थेट अमेरिकी सर्वोच्च न्यायालयात गेला. गव्हर्नर आणि लेफ्टनंट गव्हर्नरपदाचे उमेदवार इथे जोडीने लढतात. कार्ल गुटिएरेझ आणि मॅडलिन बोर्दायो यांच्या जोडीला 24,250 मते होती, जोसेफ एडा आणि फेलिक्स कामाचो यांना 21,200. एकूण मतपत्रिका 48,666. यांतल्या 1,313 वर गव्हर्नरपदासाठी खूणच नव्हती आणि 609 वर एकापेक्षा जास्त जोड्यांना मत दिलेले होते. या सगळ्या धरल्या तर गुटिएरेझ 49.83 टक्क्यांवर थांबत होते आणि दुसरी फेरी घ्यावी लागली असती. जानेवारी 2000 मध्ये न्यायालयाने एकमताने सांगितले, की मोजायची ती गव्हर्नरपदासाठी दिलेली मतेच. गुटिएरेझ यांचा विजय कायम राहिला.

वरची नावे पुन्हा पुन्हा येतात, कारण बेट लहान आणि घराणी जुनी. फेलिक्स हे कार्लोस कामाचो यांचे पुत्र. 2003 मध्ये तेही गव्हर्नर झाले. माजी गव्हर्नर रिकार्डो बोर्दायो यांच्या पत्नी मॅडलिन 2003 पासून सोळा वर्षे वॉशिंग्टनमध्ये प्रतिनिधी होत्या. 2018 मध्ये डेमोक्रॅटिक पक्षांतर्गत निवडणुकीत मायकल सान निकोलस यांनी त्यांना हरवले. लू लिऑन गुरेरो त्याच वर्षी निवडून येऊन गुआमच्या पहिल्या महिला गव्हर्नर झाल्या आणि 2022 मध्ये पुन्हा जिंकल्या. 2022 मध्येच प्रतिनिधीची जागा रिपब्लिकन जेम्स मोयलन यांनी घेतली. त्यांच्यासमोर हरल्या त्या ज्युडी वोन पॅट, अँटोनियो यांच्या कन्या.

हे सारे हक्क अमेरिकी काँग्रेसच्या, म्हणजे संसदेच्या, कायद्यांतून आलेले आहेत आणि काँग्रेस ते बदलू शकते. राष्ट्राध्यक्ष निवडण्याचा हक्क तर अजूनही नाही. गुआमकर 1980 पासून नोव्हेंबरमध्ये त्यासाठी मतदान घेतात, पण ते मोजणीत धरले जात नाही. हाच मतदार उद्या कॅलिफोर्नियात राहायला गेला, तर तिथे त्याचे मत धरले जाते.