बाळ पाय हलवत नाही तेव्हा: हाडा-सांध्यांतल्या पुवाची पार्श्वभूमी

लंगोट बदलताना बाळ कळवळून रडतं. एक पाय वाकवून बाजूला टाकून ठेवतं, त्याला हातही लावू देत नाही. ‘लचक भरली असेल, तेल लावून चोळून घेऊ,’ असं घरात कुणीतरी म्हणतंच. तान्ह्या बाळाच्या खुब्यात पू झाला तरी नेमकं असंच दिसतं. त्यात ताप येतोच असंही नाही, म्हणून हा आजार फसवतो.

लंडनच्या सेंट बार्थोलोम्यू रुग्णालयातले सर्जन थॉमस स्मिथ यांनी १८७४ मध्ये अशा २१ बाळांची हकिकत लिहिली. त्यांतली १३ दगावली. अशा दुखण्यातून बाळ वाचलं तरी मांडीच्या हाडाचा गोळा विरघळून पाय कायमचा आखूड राहू शकतो. आपल्याकडचे अस्थिरोगतज्ज्ञ त्याला आजही ‘टॉम स्मिथ आर्थ्रायटिस’ म्हणतात.

१८८० मध्ये फ्रेंच शास्त्रज्ञ लुई पाश्चर यांना हाडातल्या पुवात गळवातलेच जंतू दिसले. पण ते मुलांच्याच हाडांत इतके का शिरतात? वाढत्या हाडाच्या टोकाशी, कूर्चेलगत (मऊ, लवचीक थराजवळ), बारीक रक्तवाहिन्या वळसा घेतात. तिथे रक्त संथ होतं आणि जंतू ठाण मांडतात. खुब्यात हा भाग सांध्याच्या आवरणाच्या आतच असतो, त्यामुळे हाड फोडून निघालेला पू थेट सांध्यात उतरतो आणि कूर्चा खाऊ लागतो.

पेनिसिलिनच्या आधी हाड कोरायचं, जखम उघडी ठेवायची आणि महिनोन्‌महिने वाट पाहायची, एवढंच हाती होतं. बाल्टिमोरच्या विल्यम बेअर यांनी तर सडलेला भाग खाण्यासाठी जखमेत माशीच्या अळ्या सोडल्या. त्यांचा अहवाल १९३१ चा आहे. १९४० च्या दशकात पेनिसिलिन आलं आणि मृत्यू झपाट्याने घटले.

पुढे लसीनेही मोठं काम केलं. दोन वर्षांखालच्या मुलांच्या सांध्यांत पू करणारा हिब (हिमोफिलस इन्फ्लुएन्झी टाइप बी) हा जंतू लसीकरण झालेल्या देशांतून जवळपास हद्दपार झाला. भारतात ही लस पेंटाव्हॅलंट या पाच रोगांवरच्या एकत्रित लसीतून २०११ च्या अखेरीस केरळ आणि तमिळनाडूपासून सरकारी लसीकरणात आली. १९९२ मध्ये इस्रायलमधल्या डॉक्टरांनी सांध्यातलं पाणी रक्तातले जंतू वाढवून पाहण्याच्या (कल्चर) बाटलीत घातलं, तेव्हा नेहमीच्या तपासणीत निसटणारा किंगेला हा जंतू वारंवार सापडला.

फिनलंडमध्ये डॉक्टर पेल्टोला यांच्या गटाने उपचाराचा काळच कमी करून दाखवला. सीआरपी (रक्तातला, शरीरातला दाह दाखवणारा घटक) लवकर उतरणाऱ्या मुलांना सांध्यासाठी १० आणि हाडासाठी २० दिवसांची औषधं बहुतेक वेळा पुरली. शिरेतून फक्त पहिले काही दिवस, पुढे तोंडाने. आईबापांसाठी हा केवढा दिलासा! नवजात बाळं आणि गुंतागुंतीचे रुग्ण मात्र या हिशोबात बसत नाहीत.

निदानासाठी बोस्टनच्या डॉक्टर कोचर यांनी १९९९ मध्ये चार खुणा सांगितल्या: ताप, पायावर भार न देणं, ४० किंवा त्याहून जास्त ईएसआर (दाह दाखवणारी रक्ताचीच दुसरी चाचणी) आणि रक्तात १२,००० च्या वर पांढऱ्या पेशी. तान्ह्या बाळात यांवर विसंबता येत नाही. एक्स-रेमध्येही हाडातला बदल दिसायला दहा-बारा दिवस लागतात. म्हणून आधी सोनोग्राफी करतात. खुब्यात पाणी दिसलं की सुई घालून ते काढतात, आणि सिरिंजमध्ये पू आला तर सांधा त्याच दिवशी उघडून धुतात.