वाटपाचा दावा

एकत्र कुटुंबाच्या किंवा सामाईक मालकीच्या मिळकतीतील आपला हिस्सा वेगळा होऊन ताब्यात मिळावा, यासाठीचा दिवाणी दावा. 1908 च्या दिवाणी प्रक्रिया संहितेनुसार तो मिळकत जिथे असेल तिथल्या न्यायालयात चालतो. वादी पुण्यात नोकरीला असला तरी सांगोल्याच्या जमिनीसाठी त्याला सोलापूर जिल्ह्यातच तारखांना यावे लागते.

दाव्यात सगळे हिस्सेदार आणि सगळी सामाईक मिळकत आणावी लागते. सासरी गेलेल्या बहिणीला वगळून भावाभावांनी लावलेला दावा इथेच अडकतो. महाराष्ट्राने 1994 साली आणि केंद्राने 2005 च्या दुरुस्तीने मुलीला वडिलोपार्जित मिळकतीत मुलाइतकाच हक्क दिला. त्यासाठी 2005 साली वडील हयात असण्याची गरज नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने 2020 साली स्पष्ट केले.

समन्स लागल्यावर प्रतिवादीने 30 दिवसांत कैफियत, म्हणजे लेखी उत्तर, द्यायची असते. मुदत 90 दिवसांपर्यंत वाढू शकते. ‘तोंडी वाटप पूर्वीच झाले’ आणि ‘ही जमीन माझी स्वकष्टार्जित’ हे ठरलेले बचाव. नुसत्या चुली वेगळ्या झाल्याने वाटप सिद्ध होत नाही. दरम्यान कोणी जमीन विकू नये म्हणून वादी मनाईचा अर्ज देतो. कोर्टाच्या आवारात त्याला ‘निशाणी 5’ म्हणतात आणि पुष्कळदा खरी चुरस त्यावरच होते.

पुराव्यानंतर होतो तो प्राथमिक हुकूमनामा, म्हणजे न्यायालयाचा पहिला निर्णायक आदेश. त्यात एक तृतीयांश, एक षष्ठांश असे हिस्से ठरतात, पण बांध पडत नाही. पक्षकारांची पहिली निराशा इथे होते. शेतसाऱ्याच्या जमिनीचे प्रत्यक्ष वाटप संहितेच्या कलम 54 प्रमाणे जिल्हाधिकाऱ्यांमार्फत, म्हणजे व्यवहारात तहसील आणि भूमी अभिलेखच्या मोजणीतून होते. ते सरस-निरस मानाने, म्हणजे जमिनीचा कस पाहून, व्हावे लागते. उजनीच्या पाण्याखालच्या गावात एकाच गटाची एक बाजू कालव्याला लागून उसाची, तर दुसरी मुरमाड असते. तेव्हा गुंठे सारखे करून भागत नाही. विहीर तर कापताच येत नाही, म्हणून तिच्यात हिस्सा आणि पाण्याची पाळी लिहून द्यावी लागते. शेतजमिनीचे फार लहान तुकडे पाडू न देणारा तुकडेबंदी कायदा आड येतो तो वेगळाच. शहरातले घर किंवा यंत्रमागाची शेड वाटण्याजोगी नसेल, तर 1893 च्या वाटप कायद्याखाली ती विकून पैसे वाटता येतात.

इतक्या काळात एखादा पक्षकार वारतो. त्याचे वारस रेकॉर्डवर घ्यावे लागतात आणि हिस्सेही बदलू शकतात. मग दुसरा प्राथमिक हुकूमनामा निघतो.

उच्च न्यायालयातील अपिलांसाठी सोलापूरकरांना पूर्वी मुंबई गाठावी लागे. 18 ऑगस्ट 2025 पासून त्यासाठी उच्च न्यायालयाचे कोल्हापूरचे सर्किट बेंच (खंडपीठ) आहे. लोकअदालतीत तडजोड झाली तर कोर्ट फी परत मिळते आणि त्या निवाड्यावर अपील नसते. जमिनीचा नकाशा दोन्ही बाजूंनी आधीच सह्या करून तडजोडीला जोडलेला असेल, तर मोजणीच्या वेळचा नवा वादही बराचसा टळतो.