पार्श्वभूमी : उंचीवरील कामाची लाइफलाइन आणि तिचे प्रशिक्षण

सॅन फ्रान्सिस्कोचा गोल्डन गेट पूल 1933 ते 1937 या काळात बांधला गेला. त्या वेळी अशा मोठ्या कामांत दर दहा लाख डॉलर खर्चामागे एक कामगार दगावणार, असे गृहीतच धरले जाई. मुख्य अभियंता जोसेफ स्ट्रॉस यांनी पुलाखाली जाळी लावून घेतली आणि तिने 19 जणांचे प्राण वाचवले. पण फेब्रुवारी 1937 मध्ये कोसळलेल्या परांचीने तीच जाळी फाडली आणि 10 कामगार मृत्युमुखी पडले.

कामगाराच्या अंगावर मात्र त्यानंतरही अनेक दशके कमरेचा पट्टाच राहिला. पडणाऱ्या माणसाला पट्टा अडवतो, पण सगळा झटका पोटावर आणि मणक्यावर येतो, शिवाय माणूस उलटा होऊन त्यातून निसटूही शकतो. मांड्या, छाती आणि खांद्यांवर भार विभागणारा हार्नेस हा त्यावरचा उपाय होता. अमेरिकेने बांधकामासाठी 1994 मध्ये केलेल्या नियमांनी पडणे रोखण्यासाठी पट्टा वापरण्यास 1 जानेवारी 1998 पासून बंदी घातली. माझ्या मते त्या नियमांतला अधिक महत्त्वाचा भाग प्रशिक्षणाचा आहे, कारण जाणकार व्यक्तीकडून शिकवणे, त्याची लेखी नोंद ठेवणे आणि कामगाराला विषय नीट उमगलेला नसल्यास पुन्हा शिकवणे, ही मालकाची जबाबदारी ठरली.

ही सक्ती का हवी, हे साध्या हिशेबावरून कळते. हार्नेसची दोरी 1.8 मीटर, झटका शोषणारा भाग उघडल्यावर आणखी सुमारे 1 मीटर, पाठीवरच्या कडीपासून पायापर्यंत दीड मीटर आणि शिवाय पायाखाली थोडी मोकळी जागा धरली, तर हुक अडकवलेल्या जागेखाली पाच मीटरहून अधिक अंतर मोकळे लागते. पहिल्या मजल्याच्या स्लॅबवर पायाशी हुक लावणारा कामगार, हार्नेस घातलेला असूनही, जमिनीवर आदळतो. आडवी लाइफलाइन, म्हणजे हुक अडकवण्यासाठी दोन आधारांमध्ये ताणलेला दोर, असेल तर तिचा झोळही या हिशेबात येतो, आणि तो कमी करायला दोर जास्त ताणला की टोकाच्या आधारांवरचा ताण कितीतरी पटींनी वाढतो. नुसते ‘बेल्ट लाव रे’ म्हणून हे कोणाला समजत नाही.

भारतात कारखाने अधिनियम, 1948 च्या कलम 32 ने उंचीवरून पडण्याचा धोका असेल तेथे कठडा किंवा अन्य उपाय करणे बंधनकारक केले. भोपाळच्या दुर्घटनेनंतर 1987 च्या दुरुस्तीने आलेल्या कलम 111-अ ने सुरक्षेचे प्रशिक्षण मिळवणे हा कामगाराचा हक्क मानला, पण तो कारखान्यांपुरता होता. इमारत बांधकामासाठी स्वतंत्र कायदा 1996 मध्ये, केंद्राचे नियम 1998 मध्ये आणि महाराष्ट्राचे नियम 2007 मध्ये आले. दरम्यान, पट्टे आणि हार्नेस यांच्या आयएस 3521 या भारतीय मानकाची 1999 मध्ये सुधारणा झाली होती.

कामगाराला समजेल त्याच भाषेत प्रशिक्षण द्यावे, असे अमेरिकेच्या कामगार सुरक्षा प्रशासनाने 2010 मध्ये स्पष्ट केले. मुंबई-पुण्याच्या साइटवर झारखंड, बिहार, बंगालचे कामगार मुकादमाबरोबर येतात आणि काम संपले की दुसऱ्या ठेकेदाराकडे जातात. त्यांना हुक कोठे लावायचा हे त्यांच्या बोलीत, प्रत्यक्ष परांचीजवळ उभे राहून, प्रत्येक नव्या साइटवर पुन्हा दाखवावे लागते.